पडद्यावरचे अक्षर आणि टिपणवहीतील हिशेब

शाळा सोडल्याचा दाखला, सात-बाराचा उतारा, ग्रामसभेची सूचना, लसीकरणाच्या तारखांचा फलक यांपैकी काही ना काही प्रत्येक कुटुंबाच्या हाती किंवा नजरेस पडतच असते. सामान्य माणसाचा शासनाशी येणारा पहिला संबंध पुष्कळदा असा छापील अक्षरांतून येतो. ही अक्षरे कोणीतरी घडविलेली असतात, त्यांच्या प्रत्येक वळणामागे एक निर्णय असतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ती ध्यानी येते ती अक्षर चुकल्यावरच.

‘आचार्यांना मानधन द्यावे’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन द्यावे’ या दोन वाक्यांत फरक आहे तो एका लहानशा रेघेचा. पण पहिल्या वाक्याने मानधन गुरुजींना मिळते, तर दुसऱ्याने स्वयंपाक करणाऱ्याला. ‘शेतकऱ्याचे कर्ज’ आणि ‘शेतकऱ्यांचे कर्ज’ या दोन शब्दप्रयोगांत तर केवळ एका टिंबाचे अंतर आहे. तेवढ्या टिंबाने एका खातेदाराच्या जागी सारे शेतकरी येतात. ही रेघ व हे टिंब कागदावर आणि संगणकाच्या पडद्यावर स्पष्ट उमटावे, याची जबाबदारी आज मुद्राक्षर आरेखित करणाऱ्या अभिकल्पकावर आहे.

अभिकल्पाचे, म्हणजेच रूढ शब्दांत डिझाइनचे, शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या शेवटी एक प्रकल्प पूर्ण करावा लागतो. संगणकावर देवनागरी मुद्राक्षराचा नवा संच घडविणे, हा अशा अखेरच्या प्रकल्पाचा एक महत्त्वाचा विषय होय. असा प्रकल्प कसा उभा राहतो आणि तो पुरा झाल्यावर विद्यार्थ्याने त्याविषयी मागे वळून विचार करणे का आवश्यक मानले जाते, हे समजून घेणे शिक्षकांना, शासकीय अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांनाही उपयुक्त ठरेल. कारण शाळाशाळांतून आता संगणकावरील प्रकल्प दिले जातात, आणि कार्यालयांतून रोज शेकडो कागद संगणकावरच तयार होतात.

खिळ्यापासून पडद्यापर्यंत

मराठी मुद्राक्षरांची परंपरा महाराष्ट्रात जुनी व समृद्ध आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे आपल्या सुबक वळणासाठी देशभर नावाजले गेले. त्या काळी अक्षर प्रथम पोलादी ठशावर कोरीत, त्या ठशावरून साचा करीत आणि साच्यात धातूचा रस ओतून खिळे पाडीत. काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. जुळाऱ्यापुढील खणांची मांडणी हे एक शास्त्रच होते. बापूराव नाईक यांनी या विषयाचा सखोल अभ्यास करून लिहिलेला देवनागरी मुद्राक्षरविद्येवरील इंग्रजी ग्रंथ राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. आजही या क्षेत्रातील अभ्यासकाला तो टाळून पुढे जाता येत नाही.

मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी या केंद्रात अध्यापन करून विद्यार्थ्यांच्या एका पिढीला भारतीय लिपींकडे नव्या दृष्टीने पाहावयास शिकविले. विंडोज २००० या संगणकप्रणालीबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनीच आरेखित केला. बोरू हाती धरणारा कलावंत आणि संगणकाचा पडदा यांच्यामधील अंतर त्यांच्या कार्यामुळे पुष्कळच कमी झाले.

संगणकावर मराठी आली, तरी प्रारंभीची वाट सोपी नव्हती. निरनिराळ्या फाँटांत अक्षरांना निरनिराळे क्रमांक दिलेले असत. एका कार्यालयात टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या कार्यालयात तोच फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांची रांग होऊन प्रकट होई. जगातील सर्व लिपींना एकच क्रमांकव्यवस्था देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली व तीत देवनागरीचा समावेश झाला. या व्यवस्थेत देवनागरीच्या मुख्य विभागासाठी १२८ स्थाने राखून ठेवलेली आहेत. मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर सुरक्षित नेण्याचा प्रश्न यामुळे सुटला. परंतु तो मजकूर वाचकाला कसा दिसावा, हा प्रश्न फाँट घडविणाऱ्याकडेच राहिला. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा आरंभ येथूनच होतो.

विषयाची आखणी

‘एक सुंदर अक्षरसंच तयार करावयाचा’ असे म्हणून प्रकल्पाला हात घातला, तर तो बहुधा भरकटतो. अक्षर कोणासाठी, कोठे व केवढ्या आकारात वाचले जाणार आहे, हे प्रथम ठरवावे लागते. पाठ्यपुस्तकातील अक्षर, वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यातील अक्षर, रस्त्यावरील फलकाचे अक्षर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील अक्षर यांच्या गरजा भिन्न असतात. फलकावरील अक्षर दूरवरून व चालत्या वाहनातून ओळखू आले पाहिजे. अर्जाच्या नमुन्यातील अक्षर लहान आकारात आणि छायाप्रतीची छायाप्रत काढल्यानंतरही टिकले पाहिजे.

हेतू निश्चित झाल्यावर विद्यार्थी जुन्या छापील पुस्तकांचे, पोथ्यांचे, पाट्यांचे व हस्ताक्षरांचे नमुने जमवितो. तिरके टोक कापलेल्या बोरूने तो स्वतः अक्षरे गिरवितो. अक्षराचा कोणता भाग जाड व कोणता बारीक, हे त्या टोकाच्या कोनावर कसे अवलंबून असते, ते हाताला कळल्याशिवाय पडद्यावर रेघ ओढता येत नाही. म्हणूनच संगणकावरील या कामाचे पहिले काही आठवडे कागदावर जातात. विद्यार्थ्याला हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. प्रकल्पाच्या शेवटी मात्र बहुतेक अडचणींचे मूळ याच काळातील घाईत सापडते.

अक्षरांची कुळे

देवनागरीतील सर्व अक्षरे एकाच वेळी काढावयाची नसतात. त्यांची कुळे असतात. ग, त, न, प, म, स यांसारख्या अक्षरांच्या उजव्या अंगास उभा दंड असतो. क आणि फ यांत तो मध्यभागी असतो. ट, ठ, ड, ढ, द, र, ह ही अक्षरे पूर्ण दंडावाचून शिरोरेखेला लोंबकळत असतात. प्रत्येक कुळातून एखाददुसरे अक्षर निवडून त्यांची जाडी, उंची, रुंदी व गोलाई प्रथम पक्की केली जाते. व ची गोलाई ब मध्ये आणि क च्या डाव्या अंगात पुन्हा येते. प चा पोट-भाग ष व फ मध्ये उतरतो. अशा रीतीने चार-पाच अक्षरांवरून साऱ्या वर्णमालेचा चेहरा ठरत जातो.

पडद्यावर प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा बिंदू व वक्ररेषा यांनी बांधलेली असते. बहुधा एक हजार एककांच्या काल्पनिक चौकटीत हे बिंदू बसवितात. नवखा विद्यार्थी एकेका गोलाईवर अनेक बिंदू ठेवतो, आणि रेषा खडबडीत होते. अनुभवाने बिंदू कमी होतात व रेषा सुडौल होते.

कौटुंबिक साम्याबरोबरच प्रत्येक अक्षराचे वेगळेपण राखणे हे येथील खरे कौशल्य होय. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या लहान आकारात सहज एकमेकींसारख्या दिसू लागतात. ख ची दोन अंगे सुटी राहिली, तर ‘खाना’ हा शब्द ‘रवाना’ असा वाचला जातो. ती दोन अंगे खाली जोडण्याची पद्धत रूढ झाली ती याच कारणाने. अक्षरसंच एकसारखा दिसावा म्हणून केलेली सफाई वाचनाच्या मुळावर येऊ शकते, हा या टप्प्यावरील पहिला धडा आहे.

जोडाक्षरांची कसोटी

मूळ अक्षरे पूर्ण झाली, म्हणजे प्रकल्पाचा निम्मा भाग पार पडला, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कठीण चढ येथून पुढे असतो. युनिकोडमध्ये जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. फाँटमध्ये मात्र त्यांच्या आकृती काढाव्याच लागतात. त्यामुळे देवनागरीच्या परिपूर्ण फाँटमधील आकृतींची संख्या पाचशेच्या वर सहज जाते.

उजव्या अंगास दंड असलेल्या अक्षराचा दंड काढला की त्याचे अर्धे रूप तयार होते. त, न, स यांच्या बाबतीत हे काम सरळ आहे. द, ट, ड, ह यांची गोष्ट निराळी. त्यांना काढून टाकण्याजोगा दंडच नसल्याने पुढचे अक्षर त्यांच्या खाली किंवा कुशीत बसवावे लागते. द्ध, द्व, द्य, ट्ट, ह्म ही अक्षरे त्यामुळे दाट होतात. ‘पद्धत’ हा शब्द ‘पध्दत’ असा लिहिलेला अनेक कागदांवर सर्रास आढळतो. द च्या खाली दबलेला इवलासा ध नीट ओळखू न येणे, हेही या चुकीचे एक कारण असावे. विद्यार्थ्याने द्ध ची आकृती मोकळी व स्पष्ट काढली, तर शुद्धलेखनाच्या कामी त्याने आपला वाटा उचलला, असेच म्हणावे लागेल.

चिन्हांची दाटी वरच्या बाजूसही होते. ‘मूर्तींना’ या शब्दात त च्या माथ्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे एकत्र येतात. ‘राष्ट्र’, ‘ट्रॅक्टर’, ‘विद्यार्थ्यांना’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘ग्रामपंचायतींच्या’ हे शब्द कोणत्याही मराठी फाँटची परीक्षाच घेतात. पहिली वेलांटी हाही एक नाजूक विषय आहे. ती अक्षराच्या आधी दिसते, पण संगणकाच्या स्मृतीत अक्षरानंतर साठविली जाते. तिची कमान अक्षराच्या दंडापर्यंत पोहोचावी म्हणून अरुंद व रुंद अक्षरांसाठी वेगवेगळ्या लांबीच्या वेलांट्या काढाव्या लागतात. ‘स्थिती’मधील कमान ‘किती’मधील कमानीपेक्षा लांब असते, हे वाचकाला जाणवत नाही. जाणवू न देण्यातच आरेखकाचे यश असते.

न दिसणारे नियम

आकृती काढून झाल्या तरी त्या आपोआप योग्य ठिकाणी येत नाहीत. क, हलन्त आणि ष हे क्रमाने आल्यास क्ष ही आकृती दाखवावी, र आणि हलन्त पुढील व्यंजनाआधी आल्यास रफार चढवावा, असे अनेक नियम फाँटमध्ये लिहून ठेवावे लागतात. ओपनटाइप या तंत्रामुळे असे नियम फाँटच्या आतच साठविता येतात. मराठीच्या खास गरजांची काळजी येथे घ्यावी लागते. ल आणि श या अक्षरांची मराठीतील रूढ वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळताच मराठी वळण दाखवावे, अशी तजवीज फाँटमध्ये करता येते. मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे प्रमाणित करणारा शासन निर्णय राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. मराठी फाँटवर काम करणाऱ्याने असे निर्णय अभ्यासणे अगत्याचे असते.

काही अडचणी डोळ्यांना दिसतच नाहीत. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तत्पूर्वी अ वर अर्धचंद्राचे चिन्ह देऊन ते साधले जाई. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य देखील दोन निरनिराळ्या प्रकारे टंकलिखित होऊ शकतो. कागदावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते भिन्न वाटतात, आणि एका रीतीने नोंदविलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास यादीत सापडत नाही. दोन्ही प्रकारे आलेला मजकूर योग्य दिसावा, अशी व्यवस्था फाँटकर्त्याला करता येते. यादी करताना एकच रीत पाळण्याची दक्षता मात्र टंकलेखन करणाऱ्याने व त्याच्या वरिष्ठाने घ्यावयाची असते. प्रश्न कोठे तंत्राने सुटतो आणि कोठे माणसाच्या शिस्तीने, हे विद्यार्थ्याला अशा उदाहरणांतून उमगते.

वाचकापुढे परीक्षा

मोठ्या पडद्यावर, मोठ्या आकारात प्रत्येक अक्षर देखणेच दिसते. म्हणून प्रकल्पातील मुद्राक्षर वारंवार कागदावर छापून पाहतात. नऊ, दहा व बारा पॉइंटांत परिच्छेद छापले जातात. साध्या कागदावर, शाई कमी असलेल्या यंत्रावर आणि छायाप्रतीवर ते तपासले जातात. दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. शिरोरेखा प्रमाणाबाहेर जाड झाली, तर ओळीवर काळा पट्टा पसरतो व त्याखालची अक्षरे फिकी पडतात.

शेवटी कागद प्रत्यक्ष वाचकाच्या हाती द्यावा लागतो. अभिकल्प-संस्थेतील सहाध्यायी हा चांगला समीक्षक असला, तरी तो प्रातिनिधिक वाचक नव्हे. चष्म्याचा क्रमांक वाढलेले आजोबा, नुकतेच वाचू लागलेले दुसरीतील मूल, दिवसभर अर्ज हाताळणारा लिपिक यांच्यापुढे मजकूर ठेवल्यावर ते कोठे अडखळतात, कोणता शब्द पुन्हा वाचतात, कागद केवढ्या अंतरावर धरतात, हे मुकाट्याने पाहावे लागते. ‘अक्षर आवडले का?’ या प्रश्नाला लोक सौजन्याने होकार देतात. वाचताना झालेली अडखळ मात्र सौजन्य जाणत नाही.

चिंतनपर वृत्तान्त

या सर्व परिश्रमांनंतर अक्षरसंच तयार होतो, त्याची नमुनापुस्तिका छापली जाते. आता आणखी काय राहिले, असे वाटू शकते. परंतु अभिकल्प-शिक्षणात येथे एक पायरी अधिक असते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात मुद्राक्षर-आरेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तेथे मुद्राक्षराबरोबर त्याच्या निर्मितीविषयीचे चिंतनपर लेखनही विद्यार्थ्याला सादर करावे लागते. आपल्याकडील अभिकल्प-संस्थांतूनही अखेरच्या प्रकल्पासोबत लेखी अहवाल देण्याची प्रथा आहे.

हा वृत्तान्त म्हणजे प्रकल्पाची जाहिरात नव्हे. कोणता निर्णय का घेतला, कोणता चुकला, चूक कशी कळली आणि सुधारणेने दुसरीच अडचण कशी उभी केली, याचा तो हिशेब असतो. उदाहरणादाखल पुढील स्वरूपाची नोंद कल्पिता येईल. अनुस्वाराचे टिंब प्रथम लहान ठेवले. दहा पॉइंटांतील छायाप्रतीत ते नाहीसे झाले व ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द ‘शेतकऱ्याचे’ असा वाचला गेला. टिंब मोठे केले. मग ‘वर्षांपूर्वी’ या शब्दात ते रफाराला चिकटू लागले. म्हणून रफार व अनुस्वार यांची एकत्र आकृती वेगळी काढली. चार-पाच वाक्यांची अशी नोंद पुढच्या विद्यार्थ्याचे कित्येक दिवस वाचवू शकते. केवळ तयार फाँट पाहून ती माहिती कोणालाही मिळाली नसती.

असा हिशेब प्रकल्प संपल्यावर स्मरणाने लिहिता येत नाही. काम यशस्वी झाले की माणसाला आपली वाट सरळच होती असे वाटू लागते. वाकडी वळणे विसरली जातात. म्हणून जाणकार शिक्षक पहिल्या दिवसापासून टिपणवही ठेवावयास सांगतात. प्रत्येक आवृत्तीवर तारीख घालून ती जपून ठेवणे, फेटाळलेली रेखाटने न फाडणे, चर्चेत इतरांनी घेतलेले आक्षेप त्यांच्याच शब्दांत उतरून घेणे, हे नियम साधे आहेत. संगणकावर जुन्या आकृतीवर नवी आकृती सहज साठविता येते व जुनी कायमची पुसली जाते. त्यामुळे या शिस्तीची गरज कागदापेक्षा संगणकावर अधिक आहे.

विद्यार्थ्याचा प्रकल्प वर्गाच्या चार भिंतींत संपतोच असे नाही. ‘एक्झार’ हा वैभव सिंह यांनी आरेखित केलेला देवनागरी व रोमन लिपींचा संच मुळात रेडिंग येथील विद्यार्थी-प्रकल्प म्हणून आरंभिला गेला. पुढे त्याचा विस्तार होऊन २०१५ मध्ये तो मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी उपलब्ध झाला. आज तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. वर्गातील काम व समाजाच्या वापरातील वस्तू यांमधील हा पूल नुसत्या कल्पकतेवर उभा राहत नाही. प्रकल्पाच्या उणिवा ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच तो पुढे नेता येतो.

शाळेतील प्रकल्पांसाठी बोध

प्रत्येक विद्यार्थी मुद्राक्षर घडविणार नाही, हे उघड आहे. पण शाळा-महाविद्यालयांतून संगणकावर भित्तिपत्रके, माहितीपत्रके, हस्तलिखितांची मुखपृष्ठे आणि सादरीकरणे आज सर्वत्र केली जातात. पुष्कळ ठिकाणी या कामांचे मूल्यमापन केवळ दर्शनी रूपावरून होते. रंगीत, गुळगुळीत व भरगच्च कामाला अधिक गुण पडतात. मग दुकानातून करवून आणलेले किंवा तयार साच्यात नाव बदलून भरलेले काम स्वतः धडपडून केलेल्या कामावर मात करते. विद्यार्थ्यालाही यातून चुकीचीच शिकवण मिळते.

यावर उपाय खर्चाचा नाही. प्रकल्पासोबत दोन पानांचा वृत्तान्त मागावा. हे काम कोणासाठी केले? पहिला आराखडा कसा होता? तो कोणाला दाखविला व त्याने काय सांगितले? त्यानंतर काय बदलले? अजून कोणती उणीव राहिली आहे? या पाच प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे विकत मिळत नाहीत. उणीव कबूल केली म्हणून गुण कापले जाणार नाहीत, असा विश्वास मात्र शिक्षकाने प्रथम निर्माण केला पाहिजे. अन्यथा वृत्तान्तही साचेबंद होतील आणि प्रत्येक पानावर ‘खूप काही शिकावयास मिळाले’ एवढेच वाक्य वाचावे लागेल. काय शिकावयास मिळाले, हे ज्याला एका उदाहरणाने सांगता येते, तोच खरे शिकलेला असतो.

कार्यालये आणि ग्रामपंचायती

शासकीय कार्यालयांचा व ग्रामपंचायतींचा या विषयाशी येणारा संबंध अधिकच निकटचा आहे. फलक रंगवून घेणे, अर्जाचे नमुने छापणे, संकेतस्थळ तयार करवून घेणे ही कामे वरचेवर होतात. मागणीपत्रात आकार, रंग व दर यांचा तपशील असतो. वाचक कोण, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. काम स्वीकारण्यापूर्वी काही साध्या कसोट्या लावणे कोणत्याही पंचायतीला शक्य आहे. फलकाचा नमुना पंधरा-वीस पावलांवरून गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून वाचवून घ्यावा. अर्जाच्या नमुन्याची छायाप्रत काढून तीवरील अनुस्वार व रफार शाबूत आहेत का, ते पाहावे. मजकूर युनिकोडमध्ये आहे, याची खात्री करावी. ‘शेतकऱ्यांच्या’, ‘पद्धत’, ‘विद्यार्थ्यांना’ हे शब्द निरनिराळ्या संगणकांवर व भ्रमणध्वनींवर बरोबर उमटतात का, हे तपासावे.

त्याचबरोबर केलेल्या कामाची टिपणवही कार्यालयानेही ठेवावयास हरकत नाही. अर्जातील कोणता रकाना भरताना लोक चुकतात, कोणत्या सूचनेविषयी खिडकीवर पुन्हा पुन्हा विचारणा होते, याची नोंद लिपिकाजवळ सहज होऊ शकते. पुढल्या वेळी नमुना छापताना ती नोंद समोर असली, तर तीच चूक पुन्हा हजारो प्रतींतून घराघरांत पोहोचणार नाही. बदली होऊन नवा अधिकारी आला, तरी पूर्वानुभव फायलीत शिल्लक राहील.

विद्यार्थ्याचा अखेरचा प्रकल्प आणि कार्यालयातील एखादा फलक यांत वरवर पाहता साम्य नाही. तरीही दोहोंची परीक्षा करणारा वाचक एकच आहे. तो दाखल्यावरचे आपले नाव, अर्जातील आपला रकाना आणि सूचनेतील आपल्या कामाची ओळ शोधत असतो. ती त्याला विनासायास वाचता आली, म्हणजे अक्षर घडविणाऱ्याचे कष्ट सार्थकी लागले. ज्या दिवशी ती वाचता येणार नाही, त्या दिवशी दोष वाचकाच्या डोळ्यांना न देता टिपणवही उघडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना जशी लागावयास हवी, तशीच ती कार्यालयांनाही लागली पाहिजे.